साक्ष द्यायला गेलेली माणसं

अन्याय झाला माझ्या थोरल्या भावावर. विहारात पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, वॉर्डात दुपारच्या जेवणाची ताटं फिरत असताना. बाटलीत सलाईन शिल्लक होतं, तरी त्याच्या हातातली सुई काढली आणि त्याला दवाखान्याबाहेर घालवलं.

दादा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. वैजापूरकडच्या आमच्या मजुरी करणाऱ्या घरात कायम नोकरीला लागलेला तो पहिलाच. त्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले आणि पोट वर आलं. कामाच्या शर्टाची बटणं लागेनात. कंपनीनं ठरवून दिलेल्या दवाखान्यात माय, वहिनी आणि मी, त्याची धाकटी बहीण, त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली आणि विचारलं, "किती पितोस?"

"पीत नाय साहेब."

"सगळे हेच सांगतात. राहतोस कुठं?"

दादानं वस्तीचं नाव सांगितलं. डॉक्टर हसले. "मग खोटं कशाला बोलतोस?"

"साहेब, आमची वस्ती कोरडी हाय. दारूची दुकानं तुमच्या रस्त्याला हायेत, येतानाच बघितली."

वहिनीनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. डॉक्टरांना हसू आलं नाही.

वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात दारू आलेली नाही. वस्तीतला गुत्ता बंद पाडायला बायकांच्या पुढं दादाच होता. गुत्तेवाल्यानं फेकलेल्या दगडाची खूण त्याच्या कपाळावर होती. पण फुगलेलं पोट आणि वस्तीचं नाव, एवढ्यावर डॉक्टरांचं निदान झालं होतं. रक्त तपासलं नाही. रोज एक सलाईन, एक पिवळं टॉनिक आणि येताजाता एकच उपदेश, दारू सोड. वॉर्डात झाडूपोछा करणारा मामासुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारायचा. "ए बेवडे, पाँव उपर ले, पोछा मारना है."

"मामू, मैं जिस दिन पिऊँगा ना, पहले तुझे बुलाऊँगा," दादा म्हणायचा. पाय मात्र त्याला उचलवत नव्हते. वहिनी उचलायची.

त्याच्या तोंडाची चव गेली होती. म्हणून माय घरून बोंबलाची चटणी आणि खारवलेलं लिंबू आणायची. नर्सच्या डोळ्यांदेखत तो ते खायचा. कुणी अडवलं नाही.

आमच्या विहारात एक रीत आहे. रविवारी वंदना झाली की कुणाचं पाऊल घसरलं असेल तर त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आणि कुणावर खोटा आळ आला असेल तर त्याला ओळखणाऱ्यांनी उठून साक्ष द्यायची, की हा तसा नाही. त्या रविवारी मी दवाखान्यातली गोष्ट सांगितली. माणसं एकेक करून उभी राहिली. तेवढ्यात गुत्ता फोडायला दादाबरोबर असलेली एक म्हातारी म्हणाली, "इथं उभं राहून कुणाला सांगता रे? आपल्याला तर ठावंच हाय. त्या डाक्टरला सांगा की."

सगळ्यांना पटलं. मलाही. वंदनेचे पांढरे कपडे अंगावर होते, तसेच निघालो. विद्यापीठाच्या नामांतरासाठी रोज कुठं ना कुठं मोर्चा निघत होता, लाठ्या पडत होत्या. उस्मानपुऱ्यातून जाताना एका दुकानदारानं आम्हाला बघून शटर खाली ओढलं. त्या दिवसांत शटरं अशीच पडायची, आम्ही चालत राहिलो. झेंडा नव्हता, घोषणा नव्हती. दवाखान्याच्या गेटवर म्हातारीनं वॉचमनला जयभीम घातला, ती सगळ्यांनाच घालते. त्यानं गेट लावून घेतलं आणि आत फोन करायला पळाला.

पोलिसांची गाडी आली. हवालदारानं मला विचारलं, "निवेदन कुठंय?"

"निवेदन नाही. माणसं आणलीत."

"मागणी काय तुमची?"

"मागणी कशाची साहेब," म्हातारी म्हणाली. "आमचं पोरगं पीत नाय, एवढं सांगायचंय."

डॉक्टर वरच्या गॅलरीत आले. "तुमचं नामांतर तिकडं रस्त्यावर करा. इथं माझे पेशंट आहेत."

"आमचा पण पेशंटच आहे साहेब," मी ओरडून सांगितलं. तोवर ते आत गेले होते.

थोड्या वेळानं गेटाची फट उघडली. वहिनीच्या खांद्यावर हात टाकून दादा बाहेर आला, दंडावर कापसाचा बोळा. बाकीच्या पेशंटना त्रास होतो म्हणून याला घरी न्या, असं सांगितलं होतं. पांढऱ्या कपड्यातली एवढी माणसं बघून दादा म्हणाला, "लई मोठी मिरवणूक काढली राव माझी." कुणाला हसता आलं नाही. एका रिक्षेवाल्यानं त्याला पुढच्या सीटवर आपल्याजवळ बसवून घेतलं, कारण मागच्या दाटीत त्याचं पोट मावत नव्हतं.

पुण्याच्या एका दवाखान्यात नेईपर्यंत पावसाळा सरला होता. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त काढलं. म्हणाले, ही रक्तातून पसरणारी कावीळ आहे, वर्षानुवर्षं आत राहून लिव्हर दगडासारखं झालंय. न उकळलेल्या सुईतूनही येते. कारखान्यात भरतीच्या वेळी सगळ्यांना ओळीत उभं करून एकाच सुईनं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं, ते दादानं सांगितलं. त्याच सुईतून आली की दुसऱ्या कुठून, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जगभर या दुखण्यानं माणसं मरतात, आणि त्यातल्या कितीकांनी दारूला हात लावलेला नसतो.

"म्हंजे मोर्चा काढला तर लई मोठा निघंल," दादा म्हणाला.

मग डॉक्टरांनी मायला विचारलं, "मीठ कधीपासून बंद आहे?"

मायला प्रश्नच कळला नाही. मी समजावलं, तशी ती स्वतःच्या हातांकडं बघत बसली. या दुखण्यात मिठानं पोटात पाणी साठतं. हे एक वाक्य. इतके दिवस वॉर्डात ठेवून आम्हाला हे एक वाक्य कुणी सांगितलं नाही. दारू सोड हे मात्र रोज सांगितलं.

दादा गेला. मातीला आलेला त्याच्याच खात्यातला एकजण माझ्यामागं हळूच म्हणाला, "घेत असंल थोडी, कुणाला दिसतंय." मी वळून त्याच्याकडं बघितलं आणि फुलं वाहायला पुढं गेले.

मी नामांतरावर पत्रकं लिहिली, गायरानावर लिहिली, कामगारांच्या बोनसवर लिहिली. यावर लिहायला बसते आणि मागणी कुणाकडं करायची तेच कळत नाही. ही कावीळ नवऱ्याकडून बायकोला, आईकडून लेकराला जाऊ शकते, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनीचं आणि तिच्या तान्ह्या लेकीचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. वहिनी इथल्या दोन दवाखान्यांत जाऊन आली. दोन्हीकडं तिला विचारलं, नवरा कशानं गेला, आणि उत्तर ऐकून घ्यायच्या आत विचारलं, प्यायचा का? ती उठून आली. आता ती जायला तयार नाही, आणि कुठल्या तोंडानं तिला जा म्हणू?

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही डॉक्टर असाल तर ती तुमच्यासमोर येऊन बसेल तेव्हा आधी तिचं आणि लेकराचं रक्त काढा, बाकीचं नंतर विचारा. आणि डॉक्टर नसाल तर या आठवड्यात येऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा, आणि तपासणी झाल्याशिवाय तिथून उठू नका.