भिंतीवरची ओळ

प्रज्ञाताईंना गावच्या पाणीपुरवठ्याच्या कामावरून काढलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, पंपघराच्या दारात. नोटीस नाही, कागद नाही. पाणीयोजनेचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराचा माणूस म्हणाला, "प्रोग्राम तुमी उडवला, बाई. किल्ली द्या." हे खोटं आहे. कसं, ते सांगतो.

आमचं गाव सिरसाळ्याजवळ. ताई आयटीआय झालेल्या, कंत्राटी ऑपरेटर. ग्रामपंचायतीनं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी मोटार चालवणारा फ्लो, म्हणजे चित्रासारखा प्रोग्राम, मांडला होता. पडद्यावर रंगीत चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. एक चौकोन टाकीची पातळी वाचायचा, एक मोटार चालू करायचा, पुढचे चार एकेका वस्तीचा व्हॉल्व्ह उघडायचे. चारी वस्त्यांना सारखी पाळी. टोकाच्या आमच्या भीमनगरला तेव्हा कुठं पुरतं पाणी आलं. कुणी कुरकुरलं की ताई म्हणायच्या, "मशीनला आडनाव कळत न्हाई. तुमी सांगू बी नका."

हे सगळं चालायचं कंटेनरमध्ये. म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान एकत्र बंद केलेला डबा. कॉम्प्युटर बदलला तरी दुसरीकडे तसाच चालतो. पहिल्या वर्षी ताईंनी नवा डबा आणायला जुना काढून टाकला, आणि आत ठेवलेला सगळा फ्लो त्याच्याबरोबर गेला. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांपुढं येऊन म्हणाल्या, "माझ्या हातनं चुकलं. नीट होईस्तोवर व्हॉल्व्ह हातानं फिरवीन." आणि फिरवले, चारी वस्त्यांचे, घड्याळ लावून.

तेव्हापासून फ्लो डब्याबाहेर, डिस्कवरच्या फोल्डरमध्ये. डबा चालू करताना ते फोल्डर जोडून द्यायचं. ती एका ओळीची आज्ञा त्यांनी स्टार्टरशेजारी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिली, आणि बचत गटातल्या बायांना वहीत उतरवून घ्यायला लावली. "डबा घासायला असतो. त्यात ठेव ठेवू न्हाई."

स्वतःला पाठ असूनही त्या दर वेळी ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. मी एकदा हसलो.

"हसतो कावून रे? तोंडपाठ हाय म्हणनाराच चुकतो. तुला घोषणा लई पाठ हायेत, कुणाच्या नळाला पाणी आलं त्यांनी?"

मी पत्रकं वाटणारा माणूस.

पोळ्याच्या आधी साहेब पाहणीला येणार म्हणून गुत्तेदारानं पंपघराला पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले, ओळीसकट. मग त्याच्या माणसानं डबा नवा केला आणि फोल्डर जोडलंच नाही. पडदा कोरा. आळ ताईंवर. व्हॉल्व्ह पुन्हा माणसाच्या हातात गेले आणि भीमनगरचे नळ कोरडे पडले.

ताई रडल्या नाहीत. ग्रामसभेत उठून म्हणाल्या, "पंपघर उघडा, समद्यांदेखत." गाव तिकडं गेलं. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. "मी लावला तर म्हणतील, आत्ता केलं." गटातल्या सखूमावशींना पुढं केलं. मावशींनी कोरा डबा बंद केला, वही उघडली आणि बोट ठेवून एकेक अक्षर टाइप केलं. चौकोन जागच्या जागी उभे राहिले. शेवटच्यावर लिहिलेलं होतं, भीमनगर.

गुत्तेदाराचा माणूस म्हणाला, "नेटवर्कचा प्रॉब्लेम असंल."

मावशी म्हणाल्या, "असंल बाबा. तुझ्या डोस्क्यात."

सगळे हसले. पण सरपंचांनी ताईंचा विषय पुढच्या ग्रामसभेवर ढकलला, आणि किल्ली गुत्तेदाराकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं कॉम्प्युटर बंद केला. ताई रोज सकाळी पंपघरासमोर येऊन उभ्या राहतात. "उभं ऱ्हायला परवानगी लागत न्हाई," म्हणतात.

आम्ही मांडणार तो ठराव दोनच ओळींचा आहे: ताईंना कामावर घ्या, भिंतीवरची ओळ परत लिहा. ऑइलपेंट आणि ब्रश ताईंनी आणून ठेवलाय. हे पत्रक घडी करून खिशात घालू नका. पुढच्या ग्रामसभेला या, आणि ठराव वाचला की हात वर करा.