काविळीची माळ

संग्रामपूरकडच्या एका माळवाल्याने माझ्या थोरल्या भावाला फसवलं.

भावाला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या, आराम आणि बिनतेलाचं जेवण सांगितलं. वहिनीने जोडीला माळही आणली. झाडपाल्याच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात. पहिल्या दिवशी ती डोक्यावर ठेवतात. मग ती वाढत जाते, गळ्यात येते, पोटावर उतरते. माळ जेवढी उतरेल तेवढी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात.

डॉक्टरांनी माळ पाहिली. मी शेजारीच उभा होतो. ते एवढंच म्हणाले, "असू द्या. गोळ्या चुकवू नका."

भाऊ रोज सकाळी ओसरीवर बसून माळ न्याहाळायचा. "पाह्य बे, बेंबीपर्यंत आली," म्हणायचा आणि भाकर ताकात कुस्करून खायचा.

मी गुरांच्या बाजारात उभा राहून मोठा झालो. वय लपवायला शिंगाला तेल चोपडलेला बैल मला दुरून कळतो. त्याच माळवाल्याकडून मी दुसरी माळ घासाघीस करून अर्ध्या भावात घेतली आणि घरी खिळ्याला टांगली. ओल्या काड्या वाळल्या, गाठी सैल झाल्या, माळ लांबली. पाचव्या दिवशी ती भावासमोर धरली.

"सांग दादा, खिळ्याले कावीळ झालती काय?"

मला वाटलं, हसेल. त्याने दोन्ही माळा शेजारी ठेवून पाहिल्या. गळ्यातली काढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर घास घशाखाली जाईना. पाणीही उलटायचं. तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला भरती करून सलाईन लावावं लागलं.

दवाखान्याच्या पायरीवर वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, माळेनं मानूस जेवत होता. तुमच्या खिळ्यानं त्याची भूक खाल्ली. आता तुम्हीच भरवा त्याले."

भाऊ बरा झाला, पण उठायला दोन महिने लागले. माझ्याशी तो अजून बोलत नाही. माळवाला मात्र भावाच्या ओसरीवर चहा पितो. हा सौदा मला मान्य नाही.

मी डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, "माळेत औषध नव्हतंच. पण तिच्या भरवशावर ते जेवत होते, आराम करत होते. तेच तर हवं होतं."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, डॉक्टर. मी हातभर अंतरावर उभा होतो, तेव्हा मला का नाही सांगितलं? भाऊ बोलेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी तुमच्या दारात येऊन हेच विचारणार आहे. उत्तर द्या.