नाल्यापल्याडची वावरं

त्या वर्षी सोयाबीन कापणीला आलं आणि पंधरा दिवस पाऊस थांबलाच नाही. मी अकोल्याला डी.एड. करत होते. सुट्टीत बाळापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आले, तेव्हा उभ्या झाडांवरच्या शेंगांत दाण्यांना कोंब फुटले होते. विमा फार थोड्यांनी काढला होता. मग कळलं, विमा नसलेल्यांनाही सरकार मदत देणार. पण पंचनामा झाला पाहिजे.

आमचं तीन एकर रस्त्याला लागून. तलाठी आले आणि पहिल्याच दिवशी आमची नोंद झाली. आईचं काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण नाल्यापल्याड नऊ वावरं होती, बहुतेक मजुरी करून पोट भरणाऱ्यांची, आणि नाल्याला मांडीभर पाणी. तलाठी काठावरूनच म्हणाले, "तिकडचं पीक उभं दिसतंय. नुकसान कमी लिहितो."

"साहेब, दुरून उभंच दिसते. आत जाऊन पाहा ना," आई म्हणाली.

"रस्ता कुठाय, बाई?"

"आमी तं रोज याच पाण्यातून जाऊन राहिलो."

ते चावडीकडे वळले. नुकसान कमी लिहिलं की मदत नाही, हे चौथी शिकलेल्या माझ्या आईला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने लुगडं वर खोचलं, हातात काठी घेतली आणि मलाही पाण्यात उतरवलं. प्रत्येक वावराच्या मधोमध जाऊन ती दोन-दोन झाडं उपटायची, चिंधीने बांधायची. मी चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि गट नंबर लिहायचे. शेवटचं वावर एका म्हाताऱ्या चाचांचं. ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते.

"बाई, आपलं नाव काही येत नाही लिस्टीत. कायले तरास घेता?"

"पहिले दाखू तं द्या, चाचा," म्हणत ती आत शिरलीसुद्धा.

दुपारी चावडीत तिने नऊ जुड्या तलाठ्यांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. खोली कुबट वासाने भरली. मला लाज वाटत होती. सगळे आमच्याकडे बघत होते. तलाठ्यांनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. काळे पडलेले दाणे बोटांनी चुरले. मग ते उठले, "चला," म्हणाले, आणि नाल्याकाठी येऊन त्यांनी बूट काढले.

पाण्यात आई पुढे होती. काठीने तळ चाचपत ती मागे न बघता सांगत होती, "इथं पाय ठेवा. तिथं गाळ हाय." तेव्हा माझी लाज कुठल्या कुठे गेली.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली, तेव्हा नऊही नावं तिच्यात होती. मदत उन्हाळ्यात आली, मागितली तेवढी नाही. पण पेरणीचं बियाणं सगळ्यांनी रोखीने आणलं. चाचा घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "बाई, आलं बरं माझं नाव."

पुढे गारपीट झाली तेव्हा तेच तलाठी पुन्हा आले. गावात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "त्या बाई कुठं आहेत?" मी निरोप घेऊन वावरात धावले. आई गारांनी झोडपलेला हरभरा उपटत होती.

"बसा म्हणा," ती म्हणाली. "एवढी ओळ झाली का येतो."