तीन कारखान्यांची संमती

१९७३ च्या उन्हाळ्यात, गाळप हंगाम संपल्यावर, कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावरच्या ऑपरेटरला कामावरून कमी करण्यात आलं आणि कॉलनीतलं क्वार्टर रिकामं करायला सांगण्यात आलं. साखरेचा ठरलेला भाव त्याच्याकडून बाहेर फुटला, असं कारण देण्यात आलं. चौकशी झाली नाही. त्याच्या बायकोला तेव्हा आठवा महिना लागला होता.

कारखाना अहमदनगर जिल्ह्यातला, सहकारी. मी तिथे ऑफिसात टायपिस्ट होतो; वर्तमानपत्रातली नोकरी नंतरची. ऑपरेटर मिरजगावच्या बाजूचा. कारखान्याचं स्वतःचं बोर्ड म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्यात भोकांच्या रांगा आणि त्यांत खोचायच्या वायरी. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक फोन त्याच्या हातून जाई. कानाला हेडफोन लावून तो दिवसभर तालुक्याच्या एक्स्चेंजला विनवण्या करत असे. ट्रंक कॉल लागणं अवघड होतं, आणि लागल्यावर पलीकडचं ऐकू येणं त्याहून अवघड.

साखरेचा मोठा हिस्सा सरकार ठरवून दिलेल्या दराने घेई. उरलेली मोकळी साखर कारखाने टेंडर मागवून व्यापाऱ्यांना विकत. शेजारशेजारचे तीन कारखाने टेंडर उघडण्याच्या आदल्या दिवशी फोनवर बोलत आणि ठरवत की अमुक भावाखाली कुणीच विकायचं नाही. हा भाव गुप्त राहायला हवा होता. त्या हंगामात तो राहिला नाही. व्यापाऱ्यांची पाकिटं फोडली की सगळ्यांचे आकडे त्या भावाला जेमतेम टेकलेले असत. पहिल्यांदा झालं तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं. पुन्हा पुन्हा होऊ लागलं तेव्हा तिन्ही कारखान्यांनी मिळून एक समिती नेमली.

समितीत तिन्ही चेअरमन, तिन्ही मॅनेजर आणि एक इलेक्ट्रिकल इंजिनियर होता. इंजिनियर तिसऱ्या कारखान्याचा, तिशीतला. कामकाज लिहून घ्यायला मला बसवलं होतं. माहिती बाहेर जाऊ नये आणि त्यासाठी तिन्हीकडे एकच पद्धत असावी, एवढंच समितीचं काम होतं.

पहिली बैठक आमच्या गेस्ट हाउसमध्ये झाली. भावाचे आकडे फोनवर आकडे म्हणून बोलायचे नाहीत, प्रत्येक आकड्याला एका पिकाचं नाव द्यायचं, असं ठरलं. आमच्या चेअरमनना सगळे आबा म्हणत, शेजारच्या कारखान्याच्या चेअरमनना नाना.

"उसाचं नाव नगं," नाना म्हणाले. "ऊस म्हनलं की लोकं कान टवकारत्यात."

"मग भात ठेवा," कुणीतरी म्हणालं.

"आमच्याकडं कुठं पिकतो भात? दर टायमाला राजूरला जाऊन इचारू व्हय?"

"बरं, बाजरी?"

"बाजरी शून्याला ठेवा," आबा म्हणाले. "औंदा तेवढीच झाली."

हसले सगळे. बाजरी शून्य ठरली. तूर पाच, हरभरा सात, आणि अशीच बाकीची. मग नियम झाले. ऐकणाऱ्याने शब्द परत म्हणून दाखवायचे, बोलणाऱ्याने खात्री करून घ्यायची. भावाचा फोन चालू असताना ऑपरेटरने जोडणी करून द्यायची, हेडफोन काढायचा आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. समितीचा कोणताही निर्णय फोनवर किंवा पत्राने विचारायचा नाही, सांगायचाही नाही. फक्त बैठकीत, समोरासमोर. आणि शेवटचा नियम असा: भाव फोडला म्हणून एका कारखान्याने काढलेल्या माणसाला बाकी दोघांनी कामावर ठेवायचं नाही, त्याला कॉलनीत राहू द्यायचं नाही, आणि त्याला परत घ्यायचं झालं तर तिन्ही चेअरमनांची संमती लागेल. हा नियम वाचून दाखवला तेव्हा चहा आला होता. त्यावर चर्चा झाली नाही.

इंजिनियर त्या बैठकीत एकदाच बोलला. "चेअरमनसाहेबांच्या केबिनच्या खिडक्यांना तिन्ही कारखान्यांत नुसती जाळी आहे. आधी तिथे काचा बसवून घ्या."

"आन् उन्हाळ्यात आत बसून मी पापडावानी भाजून निघू?" आबा म्हणाले.

सूचना विचारात घेतली, असं मला लिहायला सांगण्यात आलं.

पुढचं टेंडर नव्या पद्धतीने झालं. भाव फुटला. पिकांच्या नावांचा कागद मी टाइप केला होता. संशय माझ्यावरही येऊ शकत होता. आला नाही. यंत्र ऑपरेटरच्या कानाला होतं.

आबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी पत्रं घ्यायला तिथेच होतो.

"आबा, मी हेडफोन काढून भाईर जातो. पहारेवाला बघतो की."

"मग त्या व्यापाऱ्यांला कळतं कसं? भुतं सांगत्यात?"

"मला न्हाई ठावं."

"तुला न्हाई तर कुनाला आसंल? समदं तुज्याच हातनं जातंय."

नोकरीवरून तो भांडला नाही. म्हणाला, "क्वार्टर तेवढं बाळंतपनापत्तर ऱ्हाऊ द्या. गावाकडं हिरी आटल्यात, टँकर येतो कवा, न्हाई कवा. हितं नळ हाय. नर्सबाई हायेत."

आबा टेबलाकडे बघत राहिले. "माज्या एकट्याच्या हातात न्हाई रं. तिघांचा ठराव हाय."

हे खरं होतं. ठराव माझ्याच फायलीत होता.

कॉलनीतल्या नळांना त्या वर्षी सकाळी थोडा वेळ पाणी येई, पण रोज येई. दवाखान्यात एक नर्स होती. आसपासच्या गावांतल्या बायका बाळंतपणासाठी कॉलनीत कुणी नातेवाईक आहे का ते शोधत. ऑपरेटरने सामान बांधलं. आबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून कारखान्याची जीप दोघांना एसटी स्टँडवर सोडून आली. नंतर तो नानांच्या कारखान्यात जाऊन आला. तिथे बोर्डावर माणूस हवा होता. तिथल्या मॅनेजरने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नियम वाचून दाखवला. सोनईला एका आडतीवर त्याने कामासाठी विचारलं होतं असंही म्हणतात. ते मला पडताळता आलं नाही.

आमच्या बोर्डावर नवा ऑपरेटर आला. क्वार्टर त्याला मिळालं.

त्यानंतरच्या टेंडरच्या आदल्या दिवशी समितीची बैठक आमच्याकडे ठेवली होती. नाना येऊ शकत नव्हते, म्हणून भावाचा फोन बैठकीआधी उरकायचा होता. इंजिनियर लवकर आला आणि केबिनबाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसला.

त्या बाकड्याविषयी सांगायला हवं. कारखाना उभा राहिला तेव्हापासून आबांची पद्धत होती, की व्हरांड्यात बसलेल्या माणसाला चहा विचारायचा, काम विचारायचं नाही. सभासद, ट्रकवाले, ऊसतोडीचे मुकादम, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, सगळे तिथे बसत. दुष्काळाच्या त्या वर्षी बरेच जण नुसते पाण्यासाठीही बसत. टेंडरच्या आदल्या दिवशी नगरच्या सगळ्या व्यापाऱ्यांची पाकिटं घेऊन त्यांचा एक मुनीम येई, आणि तोही तिथेच बसे. त्याला कुणी उठवलं नाही. उठवायची रीतच नव्हती.

इंजिनियरने पुढे जे सांगितलं ते असं. नव्या ऑपरेटरने फोन जोडून दिला आणि नियमाप्रमाणे तो बाहेर जाऊन उभा राहिला. जाळीतून आबांचा आवाज येऊ लागला.

"नाना! ऐका! तूर! तूर!"

थोडी शांतता.

"आं? कागद घरी ऱ्हायला? आवो, तूर म्हंजे पाच! पाच! हां. आता तुमी म्हना... हां, बराबर! फुडं हरभरा! हरभरा म्हंजे सात!"

एक मुकादम शेजारच्याला म्हणाला, "आबांला फोन कशाला लागतोय? नुस्तं खिडकीतनं बोललं तरी नानांला ऐकू जाईल." बाकड्यावर खसखस पिकली. मुनीमाने चहाची कपबशी खाली ठेवली, खिशातून पेन काढलं आणि मांडीवरच्या कोऱ्या टेंडरावर लिहायला घेतलं.

"काय लिहिताय?" इंजिनियरने विचारलं.

"भाव," मुनीम म्हणाला.

इंजिनियर त्याच्याकडे बघतच राहिला तेव्हा तो जरा रागावला. "चोरून ऐकलं का मी, साहेब? हंगामभर हितंच बसतोय, समद्यांच्या देखत. इतक्या मोठ्यानं सांगत्यात, मला वाटलं समद्यांसाठीच हाय."

बैठक सुरू झाल्यावर इंजिनियरने हे सगळं सांगितलं, आवाज न चढवता. नाना नव्हते, पण त्यांचे मॅनेजर होते. मग आबा म्हणाले, "वरडल्याबिगर पलीकडं जातंय का काही? लायनीच तसल्या."

काचा बसवायचं ठरलं. बाकडं व्हरांड्यातून उचलून लिंबाखाली ठेवायचं ठरलं. चहा चालू राहील, असं आबांनी स्वतःहून सांगितलं.

"त्या ऑपरेटरचं काय?" इंजिनियरने विचारलं.

"परत घ्यायचा," आबा लगेच म्हणाले. "माजी हरकत न्हाई."

"नानांचीही नसेल," नानांचे मॅनेजर म्हणाले, "पण संमती चेअरमनांनी स्वतः द्यायची आहे."

"मग आत्ता फोन लावा त्यांना," इंजिनियर म्हणाला.

"फोनवर न्हाई," आबा म्हणाले. "आपलाच नियम हाय. आन् तसं बघितलं तर फोननंच समदं वाटोळं केलंय."

"निदान क्वार्टर तरी देता येईल?"

"तेबी त्याच ठरावात हाय."

तिसऱ्या कारखान्याचे चेअरमन हे सगळं ऐकत होते. नाना असतील त्या बैठकीत विषय घ्यावा, असं ते म्हणाले. मी तसं लिहिलं.

नाना त्यानंतर मुंबईला गेले, आल्यावर दुष्काळी कामांच्या मागे लागले, आणि तिघांची एकत्र बैठक आषाढ संपत आला तेव्हा झाली. विषय यादीत शेवटी होता. नाना म्हणाले, "आं? आजून घेतला न्हाई त्याला? घ्या की." बाकी दोघांनी मान हलवली. एवढाच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन जीप गेली. तिच्यात मी होतो. मिरजगावपासून आत जाणाऱ्या एका रस्त्यावर खडी फोडण्याचं काम चालू होतं आणि ऑपरेटर तिथे होता. हजेरी घेणाऱ्या कारकुनाने मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्या बायकोला मुलगी झाली होती आणि ती मुलगी गेली. ऑपरेटरने स्वतः तेच सांगितलं. बाळंतपण घरीच झालं. पाणी टँकरचं होतं. मूल कशाने गेलं हे डॉक्टरने सांगितलेलं नाही, कारण डॉक्टर नव्हता. पाण्याने गेलं असं वस्तीवरच्या बायका म्हणत होत्या. त्याची खात्री करता आली नाही.

मी निरोप सांगितला. त्याने हातोडी खाली ठेवली.

"कळलं का मग, कोन फोडत हुतं?"

"कुणीच नाही. आबांचा आवाज बाहेर ऐकू यायचा. मुनीम बाकड्यावर बसून ऐकायचा."

त्याने डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि परत बांधलं.

"काचा बसवल्या?"

"बसवल्या."

"मग आबा आत बसत्यात कसं? उकडत आसंल."

"उघड्या ठेवतात," मी म्हणालो.

तो हजेरी कारकुनाकडे जाऊन आला आणि जीपमध्ये मागे बसला. वाटेत घरी थांबायचं का, असं ड्रायव्हरने विचारलं. बायको माहेरी आहे, असं तो म्हणाला.

पुढच्या सोमवारी तो बोर्डावर रुजू झाला. नव्या ऑपरेटरला टाइम ऑफिसात पाठवलं. जुनं क्वार्टर त्या नव्या माणसाकडेच राहिलं. कॉलनीत दुसरं एक क्वार्टर श्रावणात रिकामं झालं. त्याची सूचना मीच टाइप करून बोर्डाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लावली होती, आणि अर्जांसाठी पंधरा दिवस दिले होते. आलेले अर्ज माझ्याकडे जमा झाले. त्यांत जुन्या ऑपरेटरचा नव्हता. एकट्या कामगारांच्या बराकीत त्याच्यासाठी एक खाट देण्यात आली.