कारणाचा रकाना

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत कुणाचाही कॉम्प्युटर अडला की पहिली बेल माझ्या दाराची वाजते. मी प्रोग्रॅम लिहितो, डबे दुरुस्त करत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. लोक हसतात आणि डबा पुढे करतात. चिमाजींबद्दल मला जे वाटतं त्यात थोडी असूयाही आहे, ती आधीच कबूल करतो.

चिमाजी आमच्या सोसायटीच्या मागे, जुन्या गावठाणात राहतात. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. शिक्षण दहावी आणि आयटीआय. निवृत्त झाल्यावर माणसं टीव्हीसमोर बसतात. यांनी आधी शेजाऱ्यांचे मिक्सर उघडले, मग शिलाई मशिनी, आणि हळूहळू कॉम्प्युटर. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राला ते सुतळीने एक पिवळं कार्ड बांधतात. तारीख, तक्रार, कारण, उपाय, सही, असे पाच रकाने. कारखान्यात प्रत्येक मशिनला असं कार्ड असतं, म्हणून गावठाणातल्या मिक्सरलाही असतं.

त्यातल्या तिसऱ्या रकान्यापायी त्यांनी एकदा बढती घालवली होती. प्रेसचा एक महागडा साचा फुटला होता. खरं कारण झिजलेलं बेअरिंग, आणि ते बदला म्हणून चिमाजींनी दोनदा लिहून दिलं होतं. साहेबांना रकान्यात 'ऑपरेटरची चूक' एवढंच हवं होतं. चिमाजींनी 'बेअरिंग' लिहिलं आणि खाली सही ठोकली. ऑपरेटरची नोकरी वाचली, यांचं सुपरवायझर होणं कायमचं राहिलं. पस्तावलात का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या रकान्यात खोटं लिवलं, तर पुढचा फिटर कशाच्या भरवशावर मशिन उघडंल?"

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर सोनबा राहतात, मूळचे लातूरकडचे. त्यांनी भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्रेस चालवली. कारखाना बंद पडला, आणि आता ते शेजारच्या सोसायटीच्या गेटवर असतात. त्यांची मुलगी निशिगंधा हिला एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा आली होती. रविवारी सकाळी दहा वाजता, सलग दोन तास, घरच्या खोलीत एकटीने, कॅमेरा चालू ठेवून. मध्येच कॉम्प्युटर अडकला तर परीक्षा बाद, दुसरी संधी नाही. माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर परीक्षेचं सॉफ्टवेअर चढत नव्हतं. आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर आज टाइप केलेलं अक्षर बहुधा उद्या उमटलं असतं.

मी तीन दिवस सकाळी, कॅब यायच्या आधी, दहा-दहा मिनिटं त्याच्यासमोर बसलो. नको ते प्रोग्रॅम काढले, व्हायरस शोधला, डिस्क रिकामी केली. प्रत्येक वेळी माझ्यासमोर तो नीट चालायचा आणि मी कॉलर ताठ करून निघायचो. संध्याकाळी निशिगंधाचा मेसेज यायचा, दादा, परत तेच. चौथ्या दिवशी मी वैतागून निकाल देऊन टाकला की हा म्हातारा झालाय, नवीन घ्या. सोनबा म्हणाले, "आसं कसं म्हणायलाव सिद्धेशभाऊ. चांगलं मशिन हाय." आणि त्यांनी डब्यावरून हात फिरवला. मला तेव्हा त्यांचा रागच आला.

शनिवारी दुपारी सोनबांच्या बोलावण्यावरून चिमाजी आले. आले आणि कॉम्प्युटरला हातही न लावता खुर्ची ओढून बसले. निशिगंधाला म्हणाले, "पोरी, तू रोज करती तसं काम कर. मी हितं न्हाईच असं समज." मग मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. माझी चुळबुळ सुरू झाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, कॉम्प्युटर छान पळत होता. चौदाव्या मिनिटाला माउसचा बाण अडखळला आणि मग सगळंच बसलं.

"थंड हाय तवर पळतंय, तापलं की बसतंय," चिमाजी म्हणाले. "तुमी किती येळ बसला हुता, सायेब?"

दहा मिनिटं, असं मी सांगितलं. त्यांनी घड्याळ परत मनगटावर चढवलं, तेवढं माझ्यासाठी पुरे होतं.

त्यांनी वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि डब्याच्या मागच्या झरोक्यासमोर धरली. आतून वारा येत असता तर ती फडफडली असती. पट्टी जागची हलली नाही. मग ते डब्याच्या पुढच्या जाळीकडे वाकले आणि बराच वेळ तिथेच बघत राहिले. उठले ते वेगळीच कामं सांगत. निशिगंधाला प्रोसेसरवर लावायची पेस्ट आणायला दुकानात पिटाळलं आणि सोनबांना म्हणाले, "तुमच्या हातचा च्या पाजा राव. जरा उकळू द्या निवांत."

दोघं गेल्यावर त्यांनी पुढची जाळी काढून माझ्यासमोर उलटी धरली. आतून ती लालपिवळी थापलेली होती. हळद, कुंकू, तांदळाचे दाणे, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि या सगळ्यावर उदबत्तीची राख. जाळीच्या दोन भोकांत उदबत्तीच्या काड्यांची टोकं अजून अडकलेली होती. आतला पंखा या लिंपणातून वारा ओढायचा प्रयत्न करून करून थकला होता.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात होते. सोनबा तर शिफ्ट सुरू होण्याआधी रोज आपल्या प्रेसला गंध लावायचे, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांची प्रेस भंगारात गेली. घरात उरलेलं एकमेव मशिन हे, ओव्हरटाइम करून मुलीसाठी घेतलेलं. म्हणजे ते रोज ड्यूटीवर जाण्याआधी याची पूजा करत होते, आणि तीही प्रेसची करायचे तशीच, थेट तोंडावर. मुलीच्या परीक्षेसाठी गेले काही दिवस त्यांनी जरा जास्तच केली असणार.

मला हसू आलं आणि मी हाक मारायला तोंड उघडलं. चिमाजींनी माझं मनगट धरलं. साठी ओलांडलेल्या त्या हाताची पकड अजून पान्यासारखी आहे.

"पोरीम्होरं न्हाई," ते म्हणाले. "उद्या तिची परीक्षा हाय. आपल्या हातानं घात व्हत हुता, हे घिऊन त्या मानसानं गेटवर कसं बसायचं?"

मला माझीच लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

त्यांनी ब्रशने आणि ओल्या फडक्याने जाळी धुतल्यासारखी स्वच्छ केली. निघालेला सगळा ऐवज कागदात बांधून खिशात टाकला. निशिगंधा आल्यावर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, झाकण बसवलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. पट्टी मागे धरली तर ती फडफडायला लागली. पुढचे दोन तास आम्ही चौघं त्याच्यासमोर बसून राहिलो आणि तो एकदाही अडखळला नाही.

चहा पिताना चिमाजी जणू सहज बोलत होते. "आमच्याकडं मशिनची पूजा पत्र्याच्या दारावर करायची रीत. जाळीवर कदी न्हाई. मी नवा हुतो तवा जाळीलाच हार घातला, तर दुपारपातूर पॅनल तापून बंद. वस्तादानं कान धरला माझा. जाळी म्हंजी नाक हाय म्हनला तिचं." सोनबा कपात बघत ऐकत होते. हार खरंच घातला होता की नव्हता, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मग चिमाजींनी खिशातून पिवळं कार्ड काढलं. तारीख लिहिली. तक्रार, मंद चालणे. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबला. बढती गेली तरी ज्यांनी तिथे खोटं लिहिलं नाही त्यांनी, निशिगंधा खांद्यावरून वाचत असताना, लिहिलं: धूळ. सही केली आणि कार्ड सुतळीने डब्याला बांधलं.

रविवारी परीक्षा पार पडली. दोन तास सोनबा जिन्यात बसून होते आणि मीही त्यांच्याशेजारी. निशिगंधा जुलैपासून नोकरीला लागली. आता ती माझ्याच कॅबने येते आणि मी गाडीत झोपतो म्हणून मला हसते.

ऑक्टोबरमध्ये खंडेनवमीला सोनबांनी मला आणि चिमाजींना प्रसादाला बोलावलं. कॉम्प्युटर पुसून लख्ख केला होता. जाळी स्वच्छ होती, तिच्यावर फुलाची पाकळीसुद्धा नव्हती. पत्र्यावरही काही नव्हतं. मी जरा बुचकळ्यात पडलो, मग माझं लक्ष सुतळीच्या कार्डाकडे गेलं. तिसऱ्या रकान्यात, 'धूळ' या शब्दाच्या बरोबर डोक्यावर, कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं.

चिमाजींनीही ते पाहिलं. सोनबांनी त्यांच्या हातात प्रसाद ठेवला आणि वाकून त्यांच्या पाया पडले.