टाकव्याच्या गिरणीचे तास

गेल्या आठवड्यात टाकव्याला गेलो होतो... गिरणी बंद करायची चिठ्ठी खिशात घालून.

आमच्या सहकारी संघाच्या भात सडायच्या तीन गिरण्या आहेत. वडगाव, कामशेत आणि टाकवे बुद्रुक. लढाईमुळे इंजिनाचं तेल मिळेनासं झालंय, म्हणून कमिटीनं ठरवलं, एक गिरणी बंद करायची. कुठली, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी गणितात पास झालेला संघातला एकमेव माणूस... आणि ते मी कुणाला विसरूही देत नाही!

मी ऐटीत तक्ता केला. कामाचे तास किती, भात किती सडलं, म्हणजे तासाला किती. तेल तिन्ही गिरण्यांना सारखंच वाटतो, तेव्हा ते काय मोजायचं? टाकवे सपशेल शेवटी आलं. चेअरमनसाहेब खूश, मी त्याहून खूश.

कान्हे स्टेशनवर उतरून चालत टाकव्याला पोचलो, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. गिरणीचं इंजिन बंद! गिरणी सांभाळणारे धोंडिबाभाऊ अंगणात पायानं भात पसरत होते. म्हटलं, बरोबर आहे, असं काम केल्यावर शेवटी येणारच. रजिस्टर उघडलं तर त्या दिवशीचे तास सहापासून लिहिलेले. मी चिडूनच विचारलं, इंजिन बंद आणि तास कसले?

"कामाचं तास लिवा म्हनला व्हता न्हवं, साहेब? मग भात वाळवनं काम न्हाई व्हय?"

मी मागची पानं चाळली, रोज तसंच. बाकीच्या दोन गिरण्या फक्त इंजिनाचे तास लिहितात, हे मला ठाऊक होतं. सगळीकडे तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो...

भात घेऊन आलेल्या सीतामावशी शेजारीच बसल्या होत्या. गिरणी बंद होणार ही कुणकुण त्यांच्या कानावर आलेली. "बंद झाली तर पुन्ना उखळ-मुसळ... पर ह्ये हात आता न्हाई चालत, बाबा." त्यांनी बोटं उघडून दाखवली, सांधे सुजलेले होते. मला खाली बघावं लागलं.

चिठ्ठी खिशातच ठेवली आणि दुपारपर्यंत थांबलो. भात कडक वाळल्यावर इंजिन सुरू झालं. एकाच फेरीत आंबेमोहोर स्वच्छ बाहेर, कणी अगदी थोडी. वडगाव-कामशेतला असलंच भात दमट घालतात, दोनदा फिरवतात, तरी कणी पडते!

इंजिन बंद झाल्यावर टाकीत काठी बुडवून बघितली. तेल जेमतेम बोटभर उतरलं होतं. मग महिन्याचं तेल जातं कुठं? धोंडिबाभाऊ एकदम कोंड्याच्या पोत्यांपुढे जाऊन उभे राहिले. त्यांना बाजूला केलं... मागे तेलाचे चार भरलेले डबे.

"उरलं म्हनलं तर फुडल्या म्हैन्याला कमी द्याल. म्हून लपवलं, साहेब. चोरी न्हाई केली."

हसावं की रडावं? जे सांगून गिरणी बुडत होती ते या माणसानं इमानानं लिहिलं, आणि जे सांगून ती वाचली असती ते पोत्यांमागे दडवलं!

मग तिन्ही गिरण्यांवर बसून मोजलं आणि काल कमिटीपुढे नवा तक्ता ठेवला. इंजिनाचे तास वेगळे, तेल मोजलेलं, अख्खा तांदूळ वेगळा. टाकवे पहिलं! चेअरमनसाहेबांनी तीनदा चष्मा पुसला. तिघांनी भात वाळवून घातलं तर आहे त्या तेलात तिन्ही गिरण्या चालतात, हेही दाखवलं. बंदचा ठराव मागे घेतला. वडगाव-कामशेतच्या माणसांना वाळवणं शिकवायला सोमवारपासून धोंडिबाभाऊ जाणार आहेत, आणि डब्यांना कुणी हात लावणार नाही असं मी लेखी घेतलंय.

टाकव्याचं भात टाकव्यातच सडलं जाणार... सीतामावशींना मुसळ उचलावं लागणार नाही. गणित चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.