मुरारच्या खोलीतली रांगोळी

दिवा गेला तर आधी फ्यूज बघणारी बाई मी. भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मला जांभया येतात. तरीही लिहितेय, कारण पुढच्या आठवड्यात रेवाची तोंडी परीक्षा आहे आणि मला झोप नाही.

रेवा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओली नावाच्या गल्लीत राहते. आमची प्रयोगशाळा त्याच शहरात, मुरार भागात. सिलिकॉनच्या चकतीवर आम्ही धातूचे काही अणूंएवढे पातळ थर चढवतो. त्यांत चुंबकत्वाचे इवलेसे भोवरे उठतात. शेजारचं चुंबक चालू असेतो टिकतात, बंद केलं की विरतात. ते चुंबकाशिवाय टिकवायचे, हाच रेवाचा प्रबंध. कितीतरी नमुने वाया गेले... त्यात दोन विभाग एकत्र करायचा हुकूम आला. आमच्या घराला विलीनीकरण नवं नाही; आजोबांची दरबारातली नोकरी संस्थान विलीन झालं तेव्हाच गेली. नवे विभागप्रमुख म्हणाले, भोवरे टिकले नाहीत तर विषय बंद.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांना हळदकुंकू वाहतो, त्या दिवशी ती चालवत नाही. रेवाने सूक्ष्मदर्शकापुढे ठिपक्यांची रांगोळी काढली. फूल वाहताना माझी टाच लागून कोपऱ्यातला ठिपका पुसला गेला.

"मॅडम, जरा खाली बघा ना!"

निघताना मी सगळी बटणं बंद केली — चुकून, कायम चालू ठेवायच्या चुंबकाचंही. नमुना आतच राहिला.

दसऱ्यानंतर स्कॅन केलं. भोवरे होते! एरवी ते मधमाशांच्या पोळ्यासारखे रचले जातात. हे सरळ चौकोनी ओळींत होते. कोपऱ्यातला एक नव्हता.

"मॅडम, ये तो अपनी रांगोळी है..."

"काहीतरी बोलू नकोस. परत स्कॅन कर."

परत तेच.

मग मी ओल्या बोटाने मधला एक ठिपका पुसला. स्कॅन केलं — मधला भोवरा गायब. ठिपका पुन्हा काढला. भोवरा आला नाही.

"आता हात लावाल तर बघा!" रेवा रडकुंडीला आली होती. मी बोट पदराला पुसलं.

पुढे यंत्र आणि नमुना लष्कर भागातल्या नव्या विभागाच्या इमारतीत हलवले. भोवरे तिथेही टिकून आहेत, दोन कमी. परीक्षक ते स्वतः यंत्रावर बघणार आहेत. रांगोळी मात्र मुरारलाच, बंद खोलीत.

काल विभागप्रमुखांचा फोन आला. "त्या खोलीची फरशी धुवायचीय. चावी कुठाय?"

"सापडत नाहीये, सर."

"मग उद्या कुलूप तोडतो."

एकदाच केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवायचा नाही, असं मी वर्गात शिकवते. दुसरी करायची माझी छाती नाही. याला कारण काय, मला ठाऊक नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा... पण परीक्षेनंतर. आत्ता मी चावी घेऊन मुरारला निघालेय. त्या दाराला आतूनही कडी आहे.